लिलावातलं धूड

रविवार, १७ नोव्हेंबर २०२४

आज चर्चमध्ये हंगामाचा सण झाला. पुलपिटाच्या पायऱ्यांवर ज्वारीची कणसं, भोपळे, ऊस, अंडी, पाय बांधलेल्या कोंबड्या अशी रास होती. उपासनेनंतर दरवर्षीसारखा लिलाव. आमच्याकडे चाल अशी, की वस्तूची किंमत बघायची नाही, देवाचं म्हणून चढवून बोलायचं. मालनबाईंनी चार अंडी दोनशेला घेतली आणि तिथल्या तिथे परत देवाला देऊन टाकली. ती पुन्हा लिलावात आली. मीसुद्धा दरवर्षी एकदोनदा बोली चढवते आणि वेळेवर गप्प बसते. काटकसरीच्या माणसाला दान असंच करावं लागतं, दुसऱ्याच्या तोंडून.

शेवटी पाळकसाहेबांनी ऑफिसातला जुना कॉम्प्युटर पुढे ठेवला. बंद आहे, हे त्यांनी आधीच सांगितलं. कोणी बोलेना. देवापुढे ठेवलेल्या वस्तूवर सगळी मंडळी गप्प, हे मला बघवलं नाही. मी पाचशे म्हटलं. पुरुषांच्या बाजूने कोणीतरी हळूच सहाशे म्हटलं. मला बरं वाटलं आणि सवयीने मी सातशे म्हणून गेले. सहाशेवाला गप्पच झाला. एकवार, दोनवार, तीनवार.

बाहेर येऊन कळलं, की सहाशेवाले आमचे हेच. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, मध्ये खांब, त्यामुळे दिसलं नाही. पण आवाज ओळखला नाही याचं वाईट वाटलं. ऑगस्टमध्ये यांचं नागापूरचं वर्कशॉप बंद झालं तेव्हापासून हे इतके कमी बोलतात, की सव्वीस वर्षांच्या संसारातला आवाज मला परका वाटला.

तुम्ही का बोललात, असं विचारलं. म्हणाले, कोणीच बोलेना, बघवलं नाही.

परत देवाला द्यावा तर पुन्हा तेच धूड आणि पुन्हा तोच गप्पपणा. रिक्षातून घरी आणला.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

धूड पिठाच्या डब्याशेजारी ठेवलं आहे. स्वयंपाक करताना पायात येतं. कृपाला फोनवर सांगितलं तर ती श्रीरामपूरच्या दवाखान्यात ड्युटीवर असून इतकी हसली, की तिला कोणीतरी दटावल्याचं मला ऐकू आलं. म्हणाली, "आई, दोघं एकमेकांवर बोली चढवत होता होय?"

हे दिवसभर खाटेवर बसून त्या धुडाकडे बघत होते. निदान भिंत सोडून दुसरीकडे बघितलं.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

जेवण झाल्यावर हे म्हणाले, उघडून तर बघू. मी टॉर्च धरला. यांनी स्क्रू काढायला सुरुवात केली. लेथवर उभं आयुष्य गेल्याने स्क्रूची यांना ओळख आहे, पण एकेक काढून फरशीवर टाकायला लागले. मला ते सहन होईना. मी वहीच्या मागच्या पानावर डब्याचं चित्र काढलं आणि जिथला स्क्रू निघाला तिथेच कागदावर ठेवत गेले. ब्लाउज बेतताना मी तुकडे असेच मांडते, नाहीतर डावी बाही उजवीकडे जाते.

आत धुळीचा थर, कोंड्यासारखा. पालीची दोन अंडी, एक वाळलेलं झुरळ. देवाच्या ऑफिसात इतकी घाण असेल असं वाटलं नव्हतं. मी जुन्या रंगाच्या ब्रशने सगळं झाडलं. पंख्याची पाती एकेक पुसली. हे म्हणाले पुरे. मला पुरे वाटेना.

सुरू केला तर पंखा फिरला, पण पडदा काळाच. आतून एक लांब शिटी आली, थांबली, पुन्हा तशीच लांब. हे म्हणाले, मेलाय. मी शिटी वहीत लिहून ठेवली. कुकरसुद्धा शिटी उगीच मारत नाही.

यांना लोखंड कळतं. हात लावला की किती सूत जास्त आहे ते सांगतात. आतली ही चिपा बसवलेली हिरवी पाटी बघून मात्र यांचा चेहरा परगावच्या स्टँडवर उतरलेल्या माणसासारखा झाला. जवळचं यांना नीट दिसतही नाही.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

झाला सुरू. प्रभूची स्तुती असो.

कृपाला शिटी जशीच्या तशी तोंडाने काढून ऐकवली होती. तिने एक व्हिडिओ पाठवला. त्यात एक हिंदी बोलणारा मुलगा सांगतो, की लांब शिटी म्हणजे मेमरीच्या पट्टीची तक्रार. पट्टी बोटभर लांब, खालच्या कडेला सोनेरी दात. ते काळे पडले की बोलणं बंद. काढायची, खोडरबराने घासायची, परत बसवायची. मी व्हिडिओ तीन वेळा बघितला, महिन्याचं नेट संपेल म्हणून चौथ्यांदा बघितला नाही.

कृपाचं शाळेतलं खोडरबर अजून ट्रंकेत होतं. घासलं. डब्याचं घट्ट झाकण बसवल्यासारखी पट्टी दोन्ही अंगठ्यांनी दाबली, टक्क झालं. बटण दाबलं. एकच छोटी शिटी आली आणि पडदा उजळला. पडद्यावर तारीख आली १ जानेवारी २००९.

हे म्हणाले, "हेलन, हा अजून सोळा वर्षं मागं आहे. तेव्हा मी चार्जमन होणार होतो." आणि हसले. ऑगस्टनंतर पहिल्यांदा. घड्याळासाठी आत बटणासारखा गोल सेल असतो, तो संपला की तारीख हरवते, एवढंच. सेल बदलू, पण आज नाही. आज तसंच राहू दिलं.

यांनी पहिला कॉम्प्युटर दुरुस्त केला असं लिहून ठेवते. मी फक्त पट्टी घासली.

सोमवार, २ डिसेंबर

कबूल करते. आज सकाळच्या प्रार्थनेत मन नव्हतं. डोळे मिटले की पंखा दिसतो. आजारी माणसांची नावं घेताना मध्येच मनात आलं, की तो मोठा पंखा जरा खरखरतो, त्याला शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब चालेल का. जगाची ओढ ती हीच का, कळत नाही. मला साडीची, दागिन्याची ओढ कधी नव्हती, त्यामुळे ओढ लागली की कसं वाटतं ते माहीत नाही.

एक थेंब चालतो. खरखर गेली.

सोमवार, ९ डिसेंबर

पाळकसाहेबांच्या कानावर गेलं. ते स्वतः बघायला आले, आपलाच जुना कॉम्प्युटर चालू बघून थोडे खट्टू झाले असं मला वाटलं. पण जाताना म्हणाले, की घरी पाळकीणबाईंचाही एक पडला आहे.

तो आणला. यांनी उघडला. त्याचं वेगळंच होतं, बटण दाबलं तरी काहीच नाही. यांनी एक वायर काढून बघितली, मग दुसरी. मी वहीतलं आमच्या धुडाचं चित्र शेजारी ठेवून एकेक वायर जुळवत गेले. आमच्यात एक बारीक दोन तारांची वायर पाटीच्या कोपऱ्यात जाते, ती इथे लोंबत होती. तीच बटणाची. कोणीतरी धूळ झाडताना ओढली असणार. बोटाने बसवली. यांनी पाळकसाहेबांना फोन केला, झालाय म्हणून. पाळकीणबाईंनी बिदागी दिली आणि पाव किलो केक.

हे काम यांना जमतंय. माणूस रिकामा नको.

शनिवार, १४ डिसेंबर

कल्याणभाऊजींचा पुण्याहून फोन आला. यांचे धाकटे भाऊ, गाडीबंगल्याचे. त्यांच्या ओळखीच्या एका सोसायटीत वॉचमनची जागा आहे. जिन्याखाली खोली मिळेल. वरच्या मजल्यावर एक म्हातारं जोडपं आहे, त्यांचा स्वयंपाक मी करायचा. एक फेब्रुवारीपासून. बारा जानेवारीच्या रविवारी ते गाडी घेऊन येतील, तेव्हा हो की नाही सांगायचं. त्यापुढे सोसायटी थांबणार नाही.

यांनी फोन ठेवला आणि खाटेवर जाऊन बसले. संध्याकाळी मीच विषय काढला. म्हटलं, देवाची इच्छा असेल तर जाऊ. हे म्हणाले, तुझी काय आहे?

मी भांडी आवरायला घेतली, उत्तर इथे लिहिते. मला जायचं नाही. आई इथल्या कबरस्तानात आहे. चर्चमध्ये माझी ठरलेली जागा आहे, तिसऱ्या बाकावर. आणि थोरल्या भावाने धाकट्याच्या शिफारशीवर दुसऱ्यांचं फाटक उघडायचं, हे मला बघवणार नाही. पण इथे राहून खायचं काय, हेही खरं. यांच्या हाताला नीट काम लागलं तर राहता येईल. प्रभू, यांना काम दे. एवढंच मागते रोज.

मंगळवार, २४ डिसेंबर

करंज्या झाल्या. एकशे दहा. तळताना मनात आलं, की तेलाला उष्णता सगळीकडे सारखी लागते म्हणून करंजी सारखी फुगते, कॉम्प्युटरातल्या पंख्याखालच्या चिपेला मात्र एकाच अंगाने वारा लागतो. ती दुसऱ्या अंगाने काय करत असेल. करपली एक.

कृपा सुट्टीवर आली. मला विचारते, आई, बाबा दुरुस्त करतात तेव्हा तू काय करतेस? म्हटलं, मी नुसती जवळ बसते.

शुक्रवार, ३ जानेवारी २०२५

आतापर्यंत यांची सात कामं झाली. चर्चमधल्यांची चार, गल्लीतली तीन. वहीत प्रत्येकाला एक पान. वर मालकाचं नाव, खाली शिट्या किती आणि कशा, पंखा फिरतो का, दिवा लागतो का, किती वेळ चालतो. मग काय केलं, मग काय झालं. जे करून काही झालं नाही तेही लिहिते, नाहीतर पुढच्या वेळी तेच करत बसू. दुसऱ्या पानावरून चौथ्या पानाचा उलगडा झाला, तेव्हा मला इतका आनंद झाला की मी उठून चहाच केला.

आज यांच्याबरोबर जुन्या सामानाच्या दुकानात गेले. दुकानदार यांना विचारत होता, कुठल्या जातीची पट्टी, दोन नंबर की तीन. यांनी माझ्याकडे बोट केलं. चष्मा घरी विसरले असणार. मी सांगितलं तीन नंबरची, आणि ती नको, हिचे दात झिजलेत. दुकानदार म्हणाला, "बाई, कोर्स कुठं केला?" म्हटलं, आम्ही मॅट्रिक. मग मला वाटलं, त्याने यांनाच विचारलं असेल.

शनिवार, ११ जानेवारी

उद्या भाऊजी येणार, आणि आज मोठीच अडचण.

कोपऱ्यावर नबीलालभाईंचं झेरॉक्सचं दुकान आहे. त्यांची मुलगी कैनात तिथे लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरते. अकरा मुलींचे शिष्यवृत्तीचे फॉर्म तिच्याकडे आहेत, उद्या शेवटचा दिवस. मुली कागद देऊन आपापल्या गावी गेलेल्या, सगळे स्कॅन केलेले कागद त्या एका कॉम्प्युटरमध्ये. आणि तो काल संध्याकाळपासून चालू होतो आणि मध्येच पट्कन बंद पडतो. नेहमीचा मेकॅनिक बाहेरगावी.

यांनी सकाळी जाऊन बघितलं. म्हणाले, वीज नीट पोचत नाही, पॉवरचा डबा गेलाय. आमच्या धुडाचा डबा काढून तिथे लावला. तरी बंद. त्याची डिस्क काढून आमच्या धुडात लावली, तर आमचं इतकं जुनं, की तिला ओळखच दाखवेना. दुपारी हे घरी आले, हात धुतले आणि खाटेवर बसले. पुन्हा तो भिंतीकडचा चेहरा. म्हणाले, "मला नाही कळत हे, हेलन. तूच बघ."

दमले असतील म्हणून मी गेले. मला काही कळलं असं नाही. फक्त घड्याळ लावून बसले. दुपारी तीनला चार मिनिटं चालला. लगेच लावला तर एकच मिनिट. कैनात म्हणाली, सकाळी थंडीत दुकान उघडलं तेव्हा अकरा मिनिटं चालला होता. लिहून आणलं आहे.

उद्या रविवार. उद्या काही करता येणार नाही.

सोमवार, १३ जानेवारी

कालचं काल लिहिलं नाही. काल मी शब्बाथ, प्रभूचा विसाव्याचा दिवस, मोडला. मोडला की पाळला ते अजून ठरवता येत नाही, म्हणून जसं झालं तसं लिहिते.

सकाळी आठला नबीलालभाई दारात आले, कैनात मागे. मी सांगितलं, आज प्रभूचा दिवस, आज आम्ही हत्याराला हात लावत नाही. ते म्हणाले, "बराबर आहे भाभी. तुमचा वार तुम्ही पाळा. जुम्म्याला नमाजपुरतं मीपण शटर ओढतोच की." आणि वळून चालायला लागले. हुज्जत घातली असती तर मला सोपं गेलं असतं.

कैनात मात्र थांबली. म्हणाली, "काकू, हात लावू नका. तुम्ही नुसतं सांगा, उघडते मी." मला रागच आला तिचा. कारण मनातल्या मनात मी तो आधीच उघडलेला होता.

चर्चमध्ये पाळकसाहेब बोलत होते आणि मी अकरा, चार, एक एवढंच घोकत होते. थंडीत अकरा मिनिटं. दुपारी चार. लगेच लावला तर एक. गीताला सगळी मंडळी उभी राहिली आणि मी बसूनच राहिले, कारण तेवढ्यात मला उमगलं. तो तापतो म्हणून बंद पडतो. पंखा तर फिरतो आहे. पंखा फिरून तापतो म्हणजे त्याच्याखालचा जो पत्र्याचा ठोकळा चिपेवर टेकायला हवा, तो टेकलेला नाही. तवा चुलीवर वाकडा बसला की एका बाजूची भाकरी कच्ची राहते, तसं. मालनबाईंनी कोपराने ढोसलं तेव्हा उठले.

देवाच्या घरात हे सुचलं, पण कोणी सुचवलं, हे मला सांगता येणार नाही.

बाहेर आल्यावर यांना सांगितलं. हे म्हणाले, "बैल विहिरीत पडला तर रविवारी काढायचा की सोमवारी? प्रभूनेच विचारलंय ना?"

म्हटलं, हा बैल नाही.

"नाही. अकरा मुली आहेत."

मी घरी जाऊन गुडघे टेकले. विचारलं. देव गप्प. त्याच्या गप्प राहण्याचा अर्थ मी याआधी नेहमी नाही असा घेतला आहे. काल घेतला नाही. पर्समध्ये पेचकस टाकला आणि गेले. बिदागी घ्यायची नाही, एवढं मनाशी ठरवलं.

उघडून पंख्याखाली आरसा धरला. ठोकळ्याला प्लास्टिकचे चार पाय असतात, पाटीच्या भोकांत अडकवायचे. त्यातला एक मोडलेला. एक कोपरा नखभर उचललेला. चिपेची ऊब ठोकळ्याला पोचावी म्हणून मध्ये लावतात ती पांढरी पेस्ट वाळून खडू झालेली. पेस्ट आमच्याकडे थोडी उरली होती, पण रविवारी तो पाय कुठून आणणार? हे टॉर्च धरून उभे होते. मी कैनातला आमच्या घरी पिटाळलं, ट्रंकेवरच्या डब्यातून दाभण आणि गोधडीचा दोरा आणायला. पाटी पूर्ण बाहेर काढली, खडू खरवडून नवी पेस्ट लावली. मोडक्या पायाच्या भोकातून दोरा चार पदरी ओवला, पंख्याच्या दांडीवरून घेतला आणि गोधडीच्या काठाला मारतात तशी गाठ मारली, हळूहळू आवळत, चारही कोपरे सारखे बसेपर्यंत.

हे चाललेलं असताना कल्याणभाऊजी आले. घराला कुलूप बघून शेजाऱ्यांनी त्यांना दुकानात पाठवलं. नबीलालभाईंनी त्यांना स्टूल दिलं, चहा मागवला. भाऊजी म्हणाले, "वहिनी, कॉम्प्युटरला गोधडी शिवताय का? थंडी वाजते त्याला?"

मी म्हटलं, उलटं आहे भाऊजी, ताप आहे.

मग ते यांच्याशी बोलायला लागले. खोली रंगवून ठेवली आहे, सोसायटीचे सेक्रेटरी संध्याकाळी फोनची वाट बघताहेत. काय सांगू दादा, असं दोनदा विचारलं. हे म्हणाले, "टॉर्च धरलाय, थांब."

पाटी बसवली. बटण दाबलं. चार मिनिटं झाली. अकरा झाली. नबीलालभाई शटरला टेकून ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होते, मीही म्हणत होते, आपापलं. वीस मिनिटांनी मी कैनातला म्हटलं, बस आता, भर. चाळीस मिनिटं झाली तरी मी घड्याळावरची नजर काढली नाही. शेवटचा फॉर्म साडेपाचला गेला. कैनातने प्रत्येक मुलीला फोन करून सांगितलं. एकीच्या आईला माझ्याशी बोलायचं होतं, मी नुसतं बरं बरं म्हटलं.

तेव्हा यांनी टॉर्च खिशात ठेवला आणि भाऊजींना सांगितलं, "कल्याण, आम्ही नाही येत. हेलनचं काम इथं आहे."

भाऊजी माझ्याकडे बघायला लागले. मी खाली बघून उरलेला स्क्रू लावत होते. मग ते म्हणाले, सोसायटीच्या ऑफिसातला एक असाच बंद पडतो वहिनी, पुढच्या खेपेला गाडीत घालून आणतो. आणि मग दोघा भावांनी एकाच कपातला चहा अर्धा अर्धा घेतला. लहानपणी घेत असतील तसा.

घरी आल्यावर मी यांना बोलले. म्हटलं, एक तर रविवार, त्यात सख्ख्या भावाशी खोटं. माझं कसलं काम? काम तुमचं. मी शिट्या लिहून ठेवते. खरं कारण सांगायचं होतं, की तुम्हाला आता दुरुस्तीचं काम मिळतंय.

हे म्हणाले, "बरं, पुढच्या वेळी नीट सांगीन." आणि शीळ घालत पाण्याला गेले. यांना शीळ येते हे मी विसरले होते.

जायचं नाही. इथेच आहोत. हे लिहिताना हात हलका वाटतो आहे. शब्बाथाचं जे काही असेल ते माझं मी भोगीन.

गुरुवार, १६ जानेवारी

घोडेगावची माणसं म्हणतात तसं आज काम लई झालं. सकाळपासून तीन. दोन कैनातने पाठवलेले. तिसरा खुद्द घोडेगावहून, भागवत नावाचे एक गृहस्थ, खांद्यावर पोत्यात गुंडाळलेला कॉम्प्युटर. गुरांच्या बाजाराच्या गावचा माणूस, म्हणून दारातूनच घरातलं सगळं नजरेने तोलून घेतलं. म्हणाले, "नबीलालच्या पोरीनं पत्ता दिला. कॉम्प्युटरवाल्या बाई हितंच राहत्यात का? लई लांबून आलोय. आमची पिठाची गिरण हाय, बिलं यावरच निघत्यात. परवापासून तीन शिट्या मारतो अन् गप पडतो."

मी विचारलं, तिन्ही सारख्या की एक लांब, दोन आखूड?

त्यांनी डोळे मिटून आठवलं. "एक लांब, दोन बारकाल्या."

ही शिटी वहीत अजून नव्हती. मी यांना हाक मारली. हे मागच्या दारी पायरीवर भाजी निवडत बसले होते. पुन्हा हाक मारली. आले नाहीत. ऐकू आलं नसेल.

भागवतांना पाणी दिलं. पोतं सोडून घेतलं. पिठाची गिरणी म्हणजे आत काय असेल ते मला दिसायला लागलं होतं. वहीचं नवं पान काढलं, वर नाव घातलं, शिटी लिहिली.

म्हटलं, बसा, हे येतीलच इतक्यात. तोवर मी नुसतं उघडून बघते.